नऊ म्हणजे आभाळ दिसत नाही

नोटीस आली तेव्हा अनुसया छबीला न्हाऊ घालत होती. पाय लांब करून, नडग्यांवर पोर पालथी टाकून, एका हाताने कोमट पाण्याची धार आणि दुसऱ्या हाताने ती इवलीशी पाठ. छबी सहा महिन्यांची. पाणी पाठीवर पडलं की ती मांजरासारखी पाठ ताणायची, आणि अनुसयेला रोज त्याचं हसू यायचं.

"मास्तरांच्या नावाचं आहे," कचेरीचा शिपाई अंगणाबाहेरून म्हणाला. "मास्तर धुळ्याला ना? मग तुम्ही अंगठा द्या."

"सही येते मला," अनुसया म्हणाली. "थांबा जरा."

पोर पंच्यात गुंडाळून तिने खांद्याशी घेतली, ओला हात पदराला पुसला आणि बुकावर सही केली. शिपाई गेला. ती ओट्यावर बसली आणि वाचू लागली.

अठरा जानेवारीच्या सकाळी साडेआठ वाजता कोळवणच्या हवामान केंद्रावरून आभाळ निरभ्र आहे व बारा मैलांपर्यंत स्वच्छ दिसते असा चुकीचा अहवाल तारेने गेला. त्यावर विसंबून निघालेल्या विमानास दाट धुक्यात अपघात होऊन वैमानिक जबर जखमी झाला. सबब केंद्राचे अर्धवेळ निरीक्षक रूपचंद मास्तर यांना कामावरून कमी का करू नये व शाळाखात्यास का कळवू नये, याचा खुलासा करावा. अधिक असे समजते की, मास्तरांच्या गैरहजेरीत त्यांच्या कुटुंबाने, योग्य शिक्षण नसताना, सदरचे आकडे लिहिले.

अनुसयेचे कान तापले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. निरभ्र? अठरा तारखेला?

तिच्या डोळ्यांपुढे ती सकाळ उभी राहिली. सोळाला अवकाळी पाऊस पडून गेलेला, सतराला लख्ख ऊन, आणि अठराला दार उघडलं तर अंगणच नाही. नदीवरून उठलेलं धुकं घरात शिरून चुलीच्या धुरात मिसळलं होतं.

कोळवण हे नवापूर आणि विसरवाडीच्या मधलं, महालकऱ्यांची कचेरी आणि तारघर असलेलं गाव. रूपचंद तिथल्या मराठी शाळेत मास्तर. तीन वर्षांपूर्वी हवामान खात्याने त्याच्या अंगणात चार खांबांवर एक पांढरी झडपांची पेटी उभी केली. आत दोन पारे, एक कोरडा, एक ओल्या कापडाचा. बाजूला पाऊस मोजायचं नळकांडं, उंच काठीवर वाऱ्याचा बाण. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच या दोन वेळांना हे सगळं पाहायचं, पाच-पाच आकड्यांचे गट करून कागदावर मांडायचं आणि तारघरात नेऊन द्यायचं. तिथून ते आकडे कुठे कुठे जात, पुण्याला, मुंबईला, विमानतळावर.

जूनमध्ये रूपचंदला ट्रेनिंग कॉलेजला धुळ्याला जावं लागलं, वर्षभरासाठी. जाण्याआधी त्याने पुण्याला दोन पत्रं लिहिली, माझ्यामागे माझी पत्नी सातवी पास असून सर्व काम जाणते, तिला परवानगी असावी. उत्तर आलं नाही. काम थांबवा असंही आलं नाही. रूपचंदने इंग्रजी पुस्तकातला आकड्यांचा अर्थ एका वहीत मराठीत उतरवून दिला होता. छबी पोटात असताना, मग छबी अंगावर पीत असताना, अनुसयेने ती वही इतकी घोकली की आभाळाकडे पाहिलं की तिला आधी आकडे दिसत आणि मग ढग. बाळंतपणाचे बारा दिवस दिराने तारघरात कागद नेऊन दिला, पण पारा तिने स्वतःच पाहिला. सासू ओरडत होती, ओल्या बाळंतिणीला वारा लागेल म्हणून.

तर अठराची ती सकाळ. किती लांबचं दिसतं हे मोजायला ठरलेल्या खुणा होत्या, वहीच्या मागच्या पानावर लिहिलेल्या. शाळेच्या घंटेचा खांब, स्टेशनातली पाण्याची टाकी, पलीकडची टेकडी, आणि अगदी लख्ख असेल तर बारा मैलांवरचा डोंगराचा सुळका. त्या दिवशी शाळेचा खांबसुद्धा दिसेना. एकही खूण नाही तर लिहायचं काय? अंदाजाने लिहायचा तिचा स्वभाव नव्हता. तेवढ्यात गवताचा भारा घेऊन दिवलीबाई रस्त्याने आली. दिवलीबाई रोज घरोघर गवत विकणारी, शेजारच्या पाड्यावरची, अंगावर लालभडक लुगडं.

"दिवलीबाई, भारा ठेव आणि या रस्त्याने सरळ चालत जा," अनुसया म्हणाली. "मी थांब म्हटलं की थांब."

"काय व ताई, सकायमान काय खूळ लागनं तुले?" दिवलीबाई हसत हसत निघाली. "इतलं धुकं मी मन्हा जल्ममा देखं नही. मी दिखस का आते?"

"दिसतेस. चाल."

"आते?"

"चाल."

लाल लुगडं गुलाबी झालं, गुलाबीचं करडं झालं आणि मग नुसतं धुकं उरलं. "थांब!" अनुसया ओरडली आणि छबीला कडेवर घेऊन पावलं मोजत निघाली. दोनशे तेहतीस पावलं. पोर कडेवर असताना तिचं पाऊल आखूड पडतं हे धरून दोनशे वार. दोनदा मोजलं. मग परत येऊन पारे पाहिले. कोरडा बारावर, ओलाही बारावर. दोन्ही पारे एकाच आकड्यावर म्हणजे हवेत मावेल तेवढं पाणी आहे, आता एक थेंब जास्त झाला तर तो बाहेरच येणार.

मग तिने लिहिलं. पहिला गट आभाळ आणि वाऱ्याचा: ९००००. पहिला आकडा म्हणजे आभाळाचे आठ भाग केले तर किती भाग झाकलेत तो. शून्य ते आठ. आणि नऊ म्हणजे आभाळ दिसतच नाही. बाकीची शून्यं म्हणजे वारा पडलेला. दुसरा गट: ०२४५४. दोनशे वार दिसतं, आणि दाट धुकं आहे. तिसऱ्या गटात शेवटी पारा बारा. चौथा गट ढगांचा; ढग दिसतच नव्हते म्हणून नऊ लिहून पुढे चार फुल्या. पाचवा हवेतल्या ओलाव्याचा, त्याची सुरुवात पुन्हा बाराने. कागद घेऊन ती धुक्यातून चाचपडत तारघरात गेली, तारमास्तर धुडकू भोई यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "धुडकूभाऊ, आज विमान येणार आहे म्हणतात ना? मग हे आधी धाडा. त्यांना निघूच देऊ नका."

आता ओट्यावर बसून ती नोटिशीच्या तळाशी आली. मुंबईला पोहोचलेल्या तारेची नक्कल तिथे टंकलेली होती.

१०९०२ ७००२०. मग तिसरा गट, शेवटी बारा. मग ९ आणि चार फुल्या. मग बाराने सुरू होणारा पाचवा.

छबीने नोटिशीचा कोपरा धरून तोंडात घातला होता. अनुसयेने तो हळूच सोडवला. पहिले दोन गट तिचे नव्हते. एक भाग आभाळ झाकलेलं, पूर्वेचा मंद वारा, बारा मैल स्वच्छ. हे कुठे पाहिलं? तिने नोंदवही आणली, सतरा तारखेचं पान काढलं. १०९०२ ७००२०. आदल्या दिवशीचे, उन्हाच्या दिवसाचे तिचेच गट कोणी उचलून धुक्याच्या दिवसावर चिकटवले होते.

तार चुकते, एखादा आकडा गळतो, तीनचे आठ होतात. हे तिला ठाऊक होतं. पण दोनच्या दोन गट बदलतात आणि ते बरोब्बर आदल्या दिवसाचेच होतात, असं कोणत्या तारेने केलं?

ती तशीच उठली. छबीला झबलंही घातलं नव्हतं.

*

तारघरात धुडकूभाऊंनी तिला पाहिलं आणि समोरच्या रजिस्टरात डोकं घातलं.

"अठरा तारखेचा माझा कागद दाखवा, धुडकूभाऊ."

"जुना कागद वर धाडी दिनात, ताई."

"मग मला सांगा, मी नऊ लिहिलं होतं की एक?"

धुडकूभाऊंनी रजिस्टराचं पान उलटलं. पन्नाशीचा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. दहा वर्षं हे आकडे टिकटिक करून पाठवून त्यांना अर्थ कळत नसला तरी चेहरे ओळखू येत. धुकं असलं की कागदाचा पहिला आकडा कसा दिसतो, ऊन असलं की कसा, हे ते गमतीने अनुसयेला सांगायचे. "आज तुन्हा कागद हसी ऱ्हायना, ताई," असं म्हणायचे.

"पोरीची शपथ घालू का?" अनुसया म्हणाली.

"नको व माय." धुडकूभाऊंनी चष्मा काढला. "भाऊसाहेब उनात. तू गयी आनि पाच मिन्टमा उनात. मांडव टाकेल से, बँड उना से, बंधाराना पायाले मोठा साहेब येवाव शेतस. म्हने, धुकानी तार गयी तर साहेब दुसरा महालमा जाई, आनि आपली नाचक्की. म्हने, धुकं काय, दहा वाजालोंग उठी जास. रोज उठस. म्हने, काल काय धाडं व्हतं ते दखाड."

"आणि तुम्ही दाखवलंत."

"दखाडं. त्यासनी सोता दोन गट खोडात आनि वर कालना लिखात. मी म्हनं, भाऊसाहेब, बाकीना? म्हने, धुकं यामाच ना, पह्यला दोनमा? मी म्हनं, हा. म्हने, मग बस."

भाऊसाहेब म्हणजे कचेरीतले अव्वल कारकून. महालकरी बदलत, भाऊसाहेब बदलत नसत. गावात कुणाचा सातबारा, कुणाचा दाखला, कुणाच्या पोराचं शाळेतलं नाव, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. वाईट माणूस असं कुणी म्हणत नव्हतं. तोंडात सुपारी, बोलण्यात 'होऊन जाईल, होऊन जाईल'.

आणि त्या दिवशी धुकं दहाला उठलं नाही. बाराला उठलं. साडेदहाला विमानाचा आवाज गावाने ऐकला. मोठे साहेब त्यात नव्हते. मैदान उतरण्याजोगं आहे का हे पाहायला वैमानिक एकटाच पुढे आला होता. आवाज गावावरून गेला, परत आला, खाली आला, पुन्हा वर गेला. अनुसया अंगणात उभी राहून वर पाहत होती आणि काही दिसत नव्हतं. आला कशाला हा, असं ती मोठ्याने म्हणाली होती. मग नदीकडे एक आवाज झाला, मोठं झाड पडावं तसा, आणि मग काहीच नाही. लोकांनी वैमानिकाला बाभळींतून काढलं आणि बैलगाडीतून, मग ट्रकमधून चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात नेलं.

दहा दिवस ती स्वतःला विचारत होती, माझा कागद वेळेवर पोचला नाही का? मी पाच मिनिटं आधी गेले असते तर? दिवलीबाईला दोनदा चालायला लावलं, एकदाच लावलं असतं तर? छबीला पाजताना हे मनात यायचं आणि दूध आटल्यासारखं व्हायचं. आणि इकडे हे सगळे जाणत होते. नोटीस कचेरीतून आली, म्हणजे लिहिली भाऊसाहेबांनीच, आणि त्यांना ठाऊक होतं. तिला 'योग्य शिक्षण नसताना' असं लिहिणाऱ्या हातानेच तो नऊ खोडला होता.

"तुम्ही चौकशीत हे सांगाल, धुडकूभाऊ?"

"चार पोरं शेतस मन्ही, ताई."

अनुसया निघाली. दारात थांबून म्हणाली, "त्या विमानवाल्यालाही आई असेल."

*

चौकशी मार्चच्या पहिल्या आठवड्यात, कचेरीच्या मोठ्या खोलीत झाली. पुण्याहून हवामान खात्याचे एक साहेब आले होते, चौकशीचं काम त्यांच्याकडे. टेबलाच्या एका बाजूला भाऊसाहेब लिहून घ्यायला. भिंतीकडेच्या बाकावर धुडकूभाऊ. धुळ्याहून रजा काढून आलेला रूपचंद, इस्त्रीचा सदरा घालून, गालफडं बसलेला. आणि खिडकीशी खुर्चीवर एक पाय प्लास्टरमध्ये पुढे ताणून, कुबड्या भिंतीला टेकवून बसलेला वैमानिक, दिलवरसिंग. अनुसयेने त्याला पहिल्यांदाच पाहिलं. पंचविशीचा असेल. कपाळावर टाक्यांची लाल रेघ. त्याने तिच्याकडे, तिच्या कडेवरच्या पोरीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"पोराला बाहेर ठेवा," साहेब म्हणाले.

"बाहेर कुणी नाही, साहेब. आणि ती पोरगी आहे."

भाऊसाहेब सुपारी चघळत हसले. "असू द्या साहेब. बाईमाणूस आहे."

आधी दिलवरसिंगला विचारलं. तो हिंदीत बोलला, थोडकंच. उड़ने से पहले फोन पर मौसम पूछा. बताया, कोळवण साफ है, बारह मील. ऊपर आया तो नीचे सफेदी. समझा, नदी पर की पट्टी है, पतली है, नीचे तो साफ ही होगा. "मैंने रिपोर्ट पर भरोसा किया, अपनी आँख पर नहीं," तो म्हणाला. अनुसयेकडे न पाहता.

ते वाक्य तिला गालात मारल्यासारखं लागलं. माझ्या कागदावर भरोसा. माझ्या!

"रूपचंद मास्तर," साहेब म्हणाले, "तुम्ही धुळ्याला. मग पारा कोणी पाहिला?"

"माझ्या पत्नीने, साहेब. मी दोन पत्रं..."

"परवानगी दिली होती खात्याने?"

"उत्तर आलं नाही."

"म्हणजे नव्हती." साहेबांनी लिहायला लावलं. "आणि बाई, तुम्ही किती लांबचं दिसतं हे कसं ठरवलंत त्या दिवशी?"

अनुसयेने दिवलीबाईचं सांगितलं. लाल लुगडं, रस्ता, पावलं. सांगताना तिला दिसलं, साहेबांच्या ओठांचा कोपरा वर चाललाय.

"गवतवाली," साहेब म्हणाले. "आमच्या पुस्तकात हे उपकरण नाही."

भाऊसाहेब खो-खो हसले. रूपचंदने मान खाली घातली.

"तुमच्या पुस्तकात हेही नाही, साहेब," अनुसया म्हणाली. आवाज चढला होता. छबी दचकली, तिने तिला थोपटलं आणि थोपटतच बोलत राहिली. "ती तार आहे ना तुमच्यापुढे, मुंबईची? वाचा. मोठ्याने वाचा. तुम्ही तर या खात्याचे."

"मला वाचता येतं, बाई."

"मग मीच वाचते. पहिला गट, एक शून्य नऊ शून्य दोन. म्हणजे आभाळाच्या आठ भागांतला एक भाग झाकलेला, सात मोकळे. बरोबर?"

"बरोबर."

"आता चौथ्या गटावर या. नऊ आणि चार फुल्या. नऊ म्हणजे काय?"

खिडकीकडून आवाज आला. "आसमान दिखाई नहीं देता," दिलवरसिंग म्हणाला. तो आता तिच्याकडे पाहत होता.

"दिसत नाही! त्याच कागदावर, त्याच मिनिटाला, सात भाग आभाळ मोकळं आणि आभाळ दिसतच नाही. कोण लिहील असं? मी एवढी अडाणी असते तर सगळंच चुकीचं लिहिलं असतं ना? आता तिसऱ्या आणि पाचव्याचे बारा पाहा. कोरडा बारा, ओला बारा. हवा पाण्याने भरलेली. पहिल्या गटातला वाराही खोटा, त्या दिवशी पानही हलत नव्हतं. आणि ही माझी सतरा तारखेची नोंद." तिने वही उघडून टेबलावर ठेवली, ठेवली म्हणजे आपटलीच. "हे दोन गट, हे पाहा, जसेच्या तसे. ज्याने माझे आकडे बदलले त्याला एवढंच कळत होतं की धुकं पहिल्या दोन गटांत असतं. धुकं सगळ्या कागदात असतं, हे त्याला कळलं नाही. आणि साहेब, मुंबईत ज्याने फोनवर सांगितलं त्यानेही पहिले दोनच वाचले. पुढचे तीन वाचले असते तर हा माणूस आज चालत आला असता."

साहेबांनी तार जवळ ओढली. पहिल्यांदाच त्यांनी ती नीट पाहिली. बोट एकेका गटावरून सरकत गेलं आणि चौथ्यावर थांबलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"आपके असली दो ग्रुप क्या थे?" दिलवरसिंगने विचारलं.

"नौ शून्य शून्य शून्य शून्य," अनुसया तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली. "शून्य दो चार पाँच चार."

त्याने डोळे मिटले, पाठ आकडे म्हणतात तसे ओठ हलवले. मग म्हणाला, "तो मैं उड़ता ही नहीं, बहनजी."

अनुसयेला इथे या लोकांपुढे रडायचं नव्हतं. छबीच्या टाळूवर हनुवटी टेकवून ती नुसती उभी राहिली.

साहेबांनी घसा साफ केला. भाऊसाहेबांकडे वाकून काही बोलले. मग दोघांचं थोडा वेळ खालच्या आवाजात चाललं. भाऊसाहेबांच्या कपाळावर घाम होता, पण टाक चालू होता. शेवटी साहेबांनी एक कागद तिच्यापुढे सरकवला.

"हे वाचा आणि सही करा. 'तार पाठवताना चूक होऊन काही आकडे बदलले गेले. त्यात कोणाचा हेतू दिसून येत नाही.' मास्तरांवर ठपका नाही. तुमच्यावरही नाही. परवानगीचं मी काही लिहीत नाही, ते मिटलं. केंद्र तुमच्याकडेच राहील. झालं?"

"होऊन जाईल, बाई," भाऊसाहेब म्हणाले. "मिटवा. मास्तरांची नोकरी आहे, लेकरू आहे."

रूपचंद तिच्याजवळ आला. "अनुसया, कर सही," तो हळू म्हणाला. "आपल्याला हेच हवं होतं ना? आपण सुटलो."

"आपण सुटलो. आणि हे?"

"कोण हे?"

तिने भाऊसाहेबांकडे बघितलंही नाही, नुसती मान तिकडे हलवली. "चूक म्हणे. चूक माझी ठरवली तेव्हा मला धरलं होतं नोटिशीत. 'कुटुंबाने, योग्य शिक्षण नसताना.' मी केलं की ते बाईने केलं. यांनी केलं की ते तारेने केलं. उद्या पुन्हा धुकं पडेल आणि पुन्हा मांडव घातलेला असेल, मग? मी पावलं मोजायची, आणि यांनी खोडायची? मला कागद द्या, साहेब. कोरा. मी माझ्या हाताने जबाब लिहिते."

"लिहा," साहेब थंडपणे म्हणाले. "पण मग सगळंच लिहिलं जाईल. परवानगीही. नियमाप्रमाणे केंद्र तुमच्याकडून काढून घ्यावं लागेल. मास्तरांच्या कागदातही शेरा जाईल. विचार करा."

अनुसयेने नवऱ्याकडे पाहिलं. तीन वर्षं त्या पेटीला त्याने दर दिवाळीला स्वतः पांढरा रंग दिला होता. आकड्यांची वही त्याने लिहिली होती, तिच्यासाठी, सुवाच्य अक्षरात, 'नऊ' शब्दाखाली दोन रेघा मारून. त्याचं तोंड उतरलं होतं. तो काही वेळ तिच्याकडे पाहत राहिला, मग भाऊसाहेबांकडे, मग खिडकीजवळच्या प्लास्टरच्या पायाकडे.

"छबीला इकडे दे," तो म्हणाला.

तिने पोरगी दिली. भर कचेरीत, चार पुरुषांपुढे, मास्तरने ती खांद्यावर घेतली आणि दाराशी जाऊन उभा राहिला. छबी लगेच रडू लागली. तो तिला हलवत राहिला, आणि अनुसया बाकावर बसून, फळी मांडीवर घेऊन लिहू लागली.

तिने घाई केली नाही. धुकं लिहिलं, दिवलीबाई लिहिली, पावलं लिहिली, दोन पारे लिहिले. तारघरात कागद कुणाच्या हातात दिला ते लिहिलं. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. बाहेर जीप सुरू करून ठेवलेली होती, ती बंद झाली. मग तिचा टाक थांबला.

"भाऊसाहेब," तिने मान वर केली, "तुमचं पूर्ण नाव सांगा. वडिलांचं नाव धरून."

भाऊसाहेबांनी सुपारी चघळायची थांबवली. पंधरा वर्षांत गावात कुणी त्यांना नाव विचारलं नव्हतं. दाखल्यांवर सहीची नुसती वेटोळी असायची. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब फाइलची नाडी बांधत होते, बांधलेलीच पुन्हा सोडून बांधत होते.

"मला नाव ठाऊक नाही," अनुसया म्हणाली, "आणि 'भाऊसाहेब' असं जबाबात लिहिता येत नाही. सांगा."

दाराशी छबीचं रडणं चालू होतं.

"दामोदर केशव सोनगीरकर," भिंतीकडून आवाज आला. धुडकूभाऊ उठून उभे राहिले होते, दोरा बांधलेला चष्मा हातात धरून. "पगारना बुकमा तसंच लिखेल से. मी देखेल से."

"धुडकू!" भाऊसाहेब ओरडले.

धुडकूभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते अनुसयेच्या बाकाशी आले, टाक कुठे थांबलाय ते वाकून पाहिलं.

"आनि त्याना खाले मन्हं बी लिखी ले, ताई," ते म्हणाले. "धुडकू उखा भोई. ज्यानी कालना कागद दखाडा तो."

अनुसयेने टाक दौतीत बुडवला आणि दोन्ही नावं लिहिली, एकाखाली एक.